एएनएम की जीएनएम? महाराष्ट्रातील परिचारिका-शिक्षणाच्या दोन वाटांचा इतिहास

बारावीनंतर नर्सिंगकडे वळणाऱ्या मुलीपुढे महाराष्ट्रात साधारणपणे तीन अभ्यासक्रम असतात: दोन वर्षांचा एएनएम, तीन वर्षांचा जीएनएम आणि चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी. पदवीसाठी बारावीला विज्ञान शाखा लागते, एएनएमला कला शाखाही चालते. प्रवेशाच्या दिवसांत घरात जी चर्चा होते ती बहुधा फीची, वर्षांची, लग्नाची आणि नोकरी जवळपास मिळेल का याची असते. हे तीन अभ्यासक्रम मुळात वेगवेगळे का, ते कोणी आणि कशासाठी आखले, हा प्रश्न त्या चर्चेत येत नाही. या पाठात आपण त्यांपैकी पहिल्या दोन वाटांचा इतिहास पाहणार आहोत.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर केला पाहिजे. अमेरिकेविषयीच्या पुस्तकांत ‘प्रॅक्टिकल नर्स’ आणि ‘रजिस्टर्ड नर्स’ अशी जोडी भेटते. त्यावरून आपल्याकडचे विद्यार्थी एएनएम म्हणजे नोंदणी नसलेली नर्स आणि जीएनएम म्हणजे नोंदणी असलेली नर्स असे समीकरण मांडतात. ते चूक आहे. मान्यताप्राप्त संस्थेतून एएनएम झालेल्या मुलीची नोंदणीही राज्याच्या परिचर्या परिषदेत होते, फक्त ती वेगळ्या विभागात होते. एका विभागात परिचारिका व प्रसविका, दुसऱ्यात सहाय्यकारी परिचारिका प्रसविका. म्हणजे आपल्याकडचा भेद नोंदणी असण्या-नसण्याचा नाही. ‘सहाय्यकारी’ या एका विशेषणाचा तो भेद आहे, आणि ते विशेषण कोठून आले हे पाहिले की पुढचा बराच इतिहास उलगडतो.

सुईण, मिशन आणि सेवासदन

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत महाराष्ट्रातील बाळंतपणे सुईणीच्या हातची होती. सुईणीला घरात मान असे, पण तिच्या कामाला विटाळ चिकटलेला असे. परिचारिकेच्या व्यवसायाला हा विटाळ वारशाने मिळाला. रक्त, मळ, परक्या पुरुषाच्या अंगाला स्पर्श, रात्रपाळी, ही सगळी कारणे उच्चवर्णीय कुटुंबांना मुलींना या कामापासून दूर ठेवायला पुरेशी होती. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने स्त्रियांना वैद्यकीय मदत पुरवण्यासाठी निधी उभा राहिला, मुंबईत १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले, १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी दायांच्या प्रशिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मारक निधी काढला. दाईला थोडे शिकवावे की तिच्या जागी शिकलेली नवी स्त्री आणावी, हा वाद तेव्हाच सुरू झाला होता. ‘छोटे प्रशिक्षण की मोठे’ या आजच्या प्रश्नाचे ते पहिले रूप म्हणता येईल.

शिकलेल्या परिचारिका प्रथम आल्या त्या प्रामुख्याने मिशन रुग्णालयांतून. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले आणि त्याच्या जोडीने परिचारिकांचे शिक्षणही रुजले. मराठी ख्रिस्ती मुलींसाठी हा व्यवसाय स्वाभिमानाने जगण्याचा मार्ग ठरला. हिंदू समाजातील कोंडी फोडण्याचा मोठा प्रयत्न मात्र पुण्यात झाला. १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुणे सेवासदनाचे काम सुरू केले. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना पायावर उभे करणे हा त्याचा एक हेतू होता. शिवण आणि शिक्षकी पेशा यांना समाजाची हरकत नव्हती. परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात मुली पाठवायच्या, तर मात्र घरोघरी समजावण्याची वेळ आली. रमाबाईंचे नाव, न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी म्हणून असलेली त्यांची प्रतिष्ठा आणि राहण्याची सुरक्षित सोय, या तीन गोष्टींवर हे काम उभे राहिले. यांपैकी तिसरी गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे उपकेंद्राच्या इतिहासात तिचीच उणीव सर्वांत जास्त जाणवते.

मुंबई इलाख्यात १९०९ मध्ये परिचारिकांच्या प्रशिक्षणाला शिस्त लावणारी संघटना स्थापन झाली आणि १९३५ मध्ये परिचारिका, प्रसविका व आरोग्य-अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा आला. नोंदणी आली की नोंदणीची पात्रता आली, आणि पात्रता आली की कोण आत आणि कोण बाहेर हा प्रश्न आला.

भोर समितीचे आकडे

ऑक्टोबर १९४३ मध्ये सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला. भारतीय आरोग्यव्यवस्थेचा कोणताही अभ्यास या अहवालापासून सुरू होतो, आणि परिचारिकांच्या बाबतीत तर त्यातले आकडे आजही वाचणाऱ्याला थांबवतात. त्या वेळच्या ब्रिटिश हिंदुस्थानात डॉक्टर सुमारे ४७,५००, परिचारिका सुमारे ७,०००, प्रसविका ५,००० आणि आरोग्य-अभ्यागत फक्त ७५०. म्हणजे सुमारे ६,००० लोकांमागे एक डॉक्टर, ४३,००० लोकांमागे एक परिचारिका, ६०,००० लोकांमागे एक प्रसविका. एका डॉक्टरमागे अनेक परिचारिका असाव्यात हा जगभरचा रिवाज, इथे सात डॉक्टरांमागे एक परिचारिका होती.

एवढी मोठी तूट भरून कशी काढायची? समितीने परिचारिकांचे दोन दर्जे सुचवले: कनिष्ठ आणि वरिष्ठ. जास्त शिकलेल्या मुलींसाठी पूर्ण अभ्यासक्रम, कमी शिकलेल्यांसाठी छोटा. ही कल्पना एकट्या भारताला सुचलेली नव्हती. इंग्लंडमध्ये युद्धाच्या काळात परिचारिका अपुऱ्या पडू लागल्या तेव्हा १९४३ च्या कायद्याने मुख्य नोंदवहीच्या खाली सहाय्यक परिचारिकांची वेगळी यादी निघाली होती. अमेरिकेत १८९२ पासून न्यू यॉर्कमध्ये घरगुती शुश्रूषेचे काही महिन्यांचे वर्ग चालत आणि १९३८ मध्ये न्यू यॉर्क राज्याने दोन्ही दर्जांना परवाना सक्तीचा केला. सर्वत्र कारण एकच होते, टंचाई. टंचाईच्या दिवसांत सरकार दोन गोष्टी एकदम करते: दर्जा राखायचा म्हणून वरची पायरी पक्की करते आणि माणसे हवीत म्हणून खालची पायरी बांधते.

त्याच १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर येथे पदवीचे नर्सिंग शिक्षण सुरू झाले. १९४७ अखेरीस भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. नव्या परिषदेने कनिष्ठ दर्जाची परिचारिका ही कल्पना पुढे नेली नाही, पण तिच्या जागी सहाय्यकारी परिचारिका प्रसविका आणली. पंजाबात तरणतारण येथील सेंट मेरी रुग्णालयात १९५१ मध्ये या अभ्यासक्रमाची सुरुवात झाली. मुदत दोन वर्षे. प्रवेशाला मॅट्रिकची अट नव्हती, माध्यमिक शाळेच्या खालच्या इयत्तांपर्यंत पोचलेली मुलगी चालत असे.

ही प्रवेशाची अट फार महत्त्वाची आहे. १९५० च्या दशकात मराठी खेड्यात मॅट्रिक झालेली मुलगी किती सापडणार? सातवीपर्यंत गेलेली एखादी असे. तिच्यापुढे जीएनएम आणि एएनएम असे दोन पर्याय नव्हतेच. तिने छोटा अभ्यासक्रम ‘निवडला’ असे आपण आज म्हणतो, पण तिच्या शाळेने ती निवड आधीच करून टाकली होती. प्रशिक्षणाच्या काळात मिळणारे विद्यावेतन आणि वसतिगृह हा दुसरा भाग. घरच्यांना पदरचे काही घालावे लागत नसे आणि दोन वर्षांनी सरकारी नोकरीची आशा असे.

उपकेंद्रातील नर्सबाई

एएनएमला खरे काम मिळाले ते समूह विकास कार्यक्रमामुळे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी तो सुरू झाला आणि विकास गटामागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र व त्याखाली तीन उपकेंद्रे अशी रचना ठरली. गटाची लोकसंख्या साठ हजारांच्या पुढे, म्हणजे एका उपकेंद्राच्या वाट्याला वीसेक हजार माणसे. त्या उपकेंद्रात डॉक्टर नाही, बऱ्याचदा स्वतःची इमारत नाही. तिथे एक एएनएम असे.

इथे या इतिहासातला मोठा विरोधाभास दिसतो. जीएनएम झालेली परिचारिका मोठ्या रुग्णालयात डॉक्टर, मेट्रन आणि वॉर्डातील सिस्टर यांच्या देखरेखीखाली काम करी. कमी शिकवलेली, नावानेच ‘सहाय्यकारी’ असलेली मुलगी मात्र गावात एकटी बाळंतपण करी. अडलेली बाई पुढे पाठवायची की थांबायचे, हा निर्णय रात्री दोन वाजता तीच घेई. सहाय्य करायचे तर कोणाला? तिच्या शेजारी तर कोणीच नव्हते. माझ्या मते ‘सहाय्यकारी’ हा शब्द तिच्या कामाचे वर्णन कधीच नव्हता. तो तिच्या वेतनश्रेणीचे वर्णन होता.

महाराष्ट्रात या भेदाला प्रशासकीय रूपही आले. १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण आरोग्यसेवा त्यांच्याकडे गेली. एएनएम जिल्हा परिषदेची कर्मचारी झाली, तर जिल्हा रुग्णालयातील परिचारिका राज्य शासनाकडे राहिली. दोघींचे मालक वेगळे, सेवाज्येष्ठतेच्या याद्या वेगळ्या, बदल्यांचे नियम वेगळे. एकीच्या पुढची पायरी उपकेंद्रांवर देखरेख करणारी आरोग्य सहायिका, दुसरीच्या पुढची पायरी वॉर्डाची प्रमुख परिसेविका. या दोन जिने असलेल्या इमारतीत एका जिन्यावरून दुसऱ्यावर जायला दार ठेवलेले नव्हते.

मुदालियर समितीनेही १९६१-६२ च्या सुमारास परिचारिकांचे वेगवेगळे दर्जे कायम ठेवले. मग कुटुंबनियोजन आले. १९६६ मध्ये केंद्रात त्यासाठी स्वतंत्र विभाग निघाला आणि खालपर्यंत उद्दिष्टे उतरू लागली. बाळंतपणासाठी शिकलेल्या बाईला शस्त्रक्रियेसाठी माणसे आणण्याचे आकडे मिळू लागले. आणीबाणीत त्याचा कळस झाला. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. पण गावात नर्सबाई आली की लोक दार लावून घेत, हा अनुभव त्या पिढीतील आरोग्यसेविका सांगतात. उद्दिष्टे अधिकृतपणे उठली ती एप्रिल १९९६ मध्ये. बावीस-तेवीस वर्षांच्या परक्या मुलीला गावाने आपले मानण्यासाठी जो विश्वास लागतो, तो उभा करायला तिला वर्षे लागत आणि उद्दिष्टांचा एक मार्च महिना तो मोडायला पुरेसा असे.

दरम्यान १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने देवी, हिवताप, कुटुंबनियोजन अशा एकेका कामाचे वेगळे कर्मचारी ठेवण्याऐवजी बहुउद्देशीय कर्मचारी सुचवले. प्रत्येक उपकेंद्रात एक पुरुष आणि एक स्त्री, लोकसंख्या तीन ते साडेतीन हजार. एएनएम आता ‘आरोग्यसेविका’ झाली. लसीकरण, नोंदवह्या, हिवतापाचे रक्तनमुने, गरोदर बायांची यादी असे सगळे तिच्याकडे आले. आणि याच वेळी, १९७७ मध्ये, तिचे प्रशिक्षण दोन वर्षांवरून अठरा महिन्यांवर आणले गेले. प्रवेशाची पात्रता दहावी झाली हे खरे. तरीही कामाची यादी वाढत असताना मुदत कमी करण्याचे समर्थन करणे कठीण आहे. बाळंतपणाचा हात सरावाने बसतो, आणि सरावाला महिने लागतात.

जामखेडचा अनुभव

एएनएमच्या एकटेपणाचा प्रश्न महाराष्ट्रात सर्वांत स्पष्ट दिसला तो जामखेडला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील (आजचा अहिल्यानगर) या दुष्काळी तालुक्यात काम सुरू केले. त्यांची पहिली योजना सरकारी योजनेसारखीच होती: गावोगाव प्रशिक्षित एएनएम राहतील. ती चालली नाही. बाहेरून आलेली तरुण, बहुधा अविवाहित मुलगी गावात एकटी राहायला तयार नसे, आणि राहिली तरी गाव तिला आपली मानत नसे. तिची भाषा, कपडे, शिक्षण, सगळेच वेगळे पडे. मग आरोळे दांपत्याने गावानेच निवडलेल्या, बहुतेक निरक्षर, संसारी स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. त्यांत दलित स्त्रियाही होत्या. जामखेडचे नाव जगभर झाले ते या स्त्रियांमुळे.

या प्रसंगावरून ‘लांब शिक्षण निरुपयोगी, गावचीच बाई बरी’ असा निष्कर्ष काहींनी काढला. तो घाईचा आहे. जामखेडला एएनएम नाहीशा झाल्या नाहीत. त्या फिरत्या पथकात, गावच्या कार्यकर्तीला आधार देणाऱ्या म्हणून राहिल्या आणि पाठीशी रुग्णालय होते. अपयश आले ते कमी शिकलेल्या किंवा जास्त शिकलेल्या मुलीचे नव्हते. एकटीला पाठवण्याच्या पद्धतीचे ते अपयश होते. सेवासदनाने साठ वर्षांपूर्वी मुलींच्या राहण्याची सोय आधी केली होती. सरकारी योजनेत ती शेवटी येई, आणि कधी येतच नसे.

छोटी वाट कोणासाठी छोटी?

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले. गावात आशा आली, उपकेंद्रात दुसरी एएनएम कंत्राटी तत्त्वावर आली. एकाच उपकेंद्रात एक कायम आणि एक कंत्राटी, काम सारखे आणि पगार वेगळा, हे चित्र महाराष्ट्रभर दिसू लागले. २०१२ च्या सुमारास अभ्यासक्रम पुन्हा दोन वर्षांचा आणि प्रवेश बारावीनंतरचा झाला. जीएनएमची मुदतही कधी साडेतीन वर्षे, कधी तीन अशी बदलत आता तीनवर आली आहे. म्हणजे पात्रता दोघींची बारावी आणि मुदतीतला फरक एका वर्षाचा. १९५१ मध्ये सातवी आणि मॅट्रिक यांच्यातील दरीमुळे जो भेद समर्थनीय वाटत होता, तो कारण संपल्यावरही टिकून आहे.

मग आजही मुली एएनएम का घेतात? यातली काही कारणे जुनीच आहेत. एक वर्ष कमी म्हणजे एका वर्षाची फी कमी, आणि लग्नाचा विषय निघण्याआधी हातात प्रमाणपत्र. कला शाखेच्या मुलीला विज्ञानाची धास्ती नाही. हा अभ्यासक्रम फक्त मुलींसाठी असल्याने काही घरांना तो सुरक्षित वाटतो. शिवाय आरोग्यसेविकेची जिल्हा परिषदेतील जागा निघाली की ती आपल्याच जिल्ह्यात मिळण्याची शक्यता असते. शेती, म्हातारे सासू-सासरे आणि लहान मुले सांभाळणाऱ्या बाईला मुंबईच्या रुग्णालयातील मोठ्या पगारापेक्षा आपल्या तालुक्यातले उपकेंद्र परवडते. या हिशेबाला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी तो एकदा कागदावर मांडून पाहावा.

याच्या उलट दिशेचा प्रवाह दक्षिणेकडे जातो. १९९० नंतर कर्नाटकात, विशेषतः बंगळुरात, खासगी नर्सिंग महाविद्यालयांची संख्या झपाट्याने वाढली. केरळमधून आलेल्या मुलींनी ती भरली, मग इतर राज्यांतून विद्यार्थी येऊ लागले. लातूरहून निघणाऱ्या गाडीने यशवंतपूरला उतरले की हे शहर समोर असते. पण तिथला भर जीएनएम आणि पदवीवर आहे, कारण मोठी खासगी रुग्णालये आणि आखाती देश किंवा युरोपकडे नेणारी नोकरी त्या पात्रतेवर मिळते. एएनएमचे प्रमाणपत्र परदेशात परिचारिका म्हणून सहसा चालत नाही. ते आपल्या उपकेंद्रासाठीच तयार झालेले आहे. खासगी भांडवल कोणत्या अभ्यासक्रमाकडे वळते आणि सरकारला कोणता लागतो, यातला हा फरक विद्यार्थ्यांनी नीट पाहावा.

इंग्लंडने आपला दुय्यम दर्जा १९९० च्या दशकापर्यंत बंद केला आणि त्या परिचारिकांना रूपांतराचे अभ्यासक्रम देऊन मुख्य नोंदवहीत घेतले. गंमत अशी की टंचाई पुन्हा जाणवल्यावर २०१९ पासून तिथे ‘नर्सिंग असोसिएट’ नावाची नवी मधली पायरी नोंदवहीत आली. म्हणजे छोटी वाट कायमची बंद होत नाही. प्रश्न ती पुढच्या रस्त्याला मिळते का, एवढाच असतो. आपल्याकडे जीएनएम झालेल्या परिचारिकेला दोन वर्षांत पदवी घेण्याची सोय आहे. एएनएम झालेल्या मुलीला जीएनएमला प्रवेश मिळू शकतो, पण तिची दोन वर्षे आणि तिने केलेली बाळंतपणे त्यात मोजली जात नाहीत. ती पुन्हा पहिल्या वर्षाच्या बाकावर बसते.

२०१८ नंतर आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे होऊ लागली आणि तिथे समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद आले. महाराष्ट्रात ते प्रामुख्याने आयुर्वेदाच्या पदवीधरांना आणि काही प्रमाणात बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांना, सहा महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर मिळाले. पंचवीस वर्षे तेच उपकेंद्र सांभाळणारी आरोग्यसेविका या पदासाठी अर्ज करू शकत नाही. नवा अधिकारी रुजू होतो तेव्हा वस्त्या कोणत्या, कोणत्या घरी कोण गरोदर आहे आणि पावसाळ्यात कोणता ओढा अडवतो, हे त्याला तीच दाखवते.